शटर अर्धंच ठेवा: एका अडकलेल्या गाण्याचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याकडे रविवारी गिटार शिकायला येणाऱ्या एका पोराचं आहे. पोरगा म्हणजे तसा ३२ वर्षांचा, ठाण्याला इन्शुरन्सच्या ऑफिसात नोकरी, राहायला कल्याण, लग्न झालेलं, पण माझ्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये चटईवर येऊन बसलं की सगळे पोरंच. नाव टाकू नका म्हणाला म्हणून आपण त्याला भिडू म्हणू. बाकी सगळं लिहायला त्याची परवानगी आहे, त्याच्या ओळी वापरायला पण, फक्त "दादा, मला फार रडका दाखवू नका" एवढी अट घातलीय, ती जमेल तेवढी पाळतो.

तर झालं असं की कॉलेजात असताना याने स्वतःची सहा गाणी केली होती. चांगली होती की नव्हती ते सोडा, पूर्ण होती. मुखडा, दोन अंतरे, शेवट, सगळं. मग नोकरी लागली, लोकलचे धक्के सुरू झाले, गिटार कपाटावर गेली, आणि दोन वर्षांपूर्वी पुन्हा खाली उतरली तेव्हा हात चालत होते पण गाणं काही होईना. माझ्याकडे आला तेव्हा चौदा महिने झाले होते, एकही गाणं पूर्ण नाही. त्यात मधे नवीन गिटार घेऊन झाली, रेकॉर्डिंगसाठी तो छोटा डबा पण घेऊन झाला, ऑडिओ इंटरफेस, आठ-नऊ हजारांचा. (हे सगळेच करतात. गाणं अडलं की आपण दुकानात जातो. मी स्वतः एकदा याच कारणाने पेडल घेतलंय, ते आता दार उघडं राहावं म्हणून लावलेलं असतं.)

"दादा, मला सुचतच नाही काही," हे त्याचं पहिलं वाक्य.

मी म्हटलं बरं, फोन दाखव. गिटार वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, फोनमध्ये रेकॉर्डिंगचा उकिरडा असतोच. याच्याकडे ६३ निघाली. न्यू रेकॉर्डिंग १ पासून न्यू रेकॉर्डिंग ६३ पर्यंत, एकालाही नाव नाही. आता मला सांगा, सुचत नाही म्हणणाऱ्या माणसाकडे चौदा महिन्यांत ६३ तुकडे म्हणजे महिन्याला चार-पाच झाले की. तेव्हा दुखणं दुसरीकडे कुठेतरी आहे एवढं त्या दिवशी कळलं, कुठे ते कळलं नाही.

पहिल्या रविवारी आम्ही गिटार हातात न घेता ती ६३ च्या ६३ ऐकली. बायकोने दोनदा चहा दिला आणि तिसऱ्यांदा नुसतं बघून गेली. मी एका वहीत चार रकाने आखले होते: किती सेकंद, कुठल्या कॉर्ड (म्हणजे एकदम वाजवायचे सूर), कुठली लय, आणि ओळीचा शेवटचा शब्द. शेवटचा रकाना का आखला मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं, सवय म्हणा, आणि पुढे सगळं प्रकरण त्याच रकान्यात सापडलं.

आधी सोपं ते सांगतो. ६३ पैकी ५९ तुकडे मुखड्यावर संपलेले. चाळीस-पन्नास सेकंद होतात, मुखडा दोनदा म्हणून होतो, मग "हं हं हं" असं थोडं गुणगुणणं आणि बंद. लय सगळ्यांची जवळपास एकच, मेट्रोनोम लावून बघितली, मिनिटाला ९० ते १०० ठोक्यांच्या मधे. स्ट्रमिंग, म्हणजे तारांवरून हात वर-खाली फिरवणं, तर इतकं एकच की डोळे मिटून ओळखता यावं: डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप. आणि कॉर्ड जी, डी, ई मायनर, सी, किंवा तेच चार पत्ते पिसून दुसऱ्या क्रमाने. यात वाईट काही नाही हां, या चार कॉर्डवर जगभरात हजारो गाणी उभी आहेत आणि त्यातली कित्येक मला आवडतात. पण याचा हात गिटारवर पडला की आपोआप तिथेच जायचा, जसा माझा पाय स्टेशनबाहेर पडलो की आपोआप वडापावच्या गाडीकडे वळतो.

आता तो चौथा रकाना. शब्द असलेल्या ओळी मी मोजल्या, ४१ भरल्या. त्यातल्या २६ ओळींच्या शेवटी आहे, नाही किंवा होते. एक नमुना त्याच्या परवानगीने:

तुझ्याविना हा पाऊस अधुरा आहे
भिजल्या मनात तुझाच चेहरा आहे

हे वाचून तुम्ही मनात जे म्हणालात ते तो स्वतःही म्हणाला, जरा जास्त वाईट शब्दांत. त्याचं म्हणणं होतं की बघा, माझी भाषाच गरीब आहे, वाचन कमी पडतं, शब्दसंपदा नाही. मला ते पटेना, कारण हाच माणूस बोलायला लागला की लोकलमधल्या भांडणाची नक्कल अशी करतो की पोट दुखतं. बोलताना ज्याच्याकडे शब्द आहेत त्याच्याकडे गाताना का नसावेत?

मग मी त्याला तीच पावसाची ओळ परत म्हणायला लावली आणि मी फक्त त्याच्या उजव्या हाताकडे बघत बसलो. तिथे गंमत दिसली. त्याच्या त्या ठरलेल्या स्ट्रमिंगमध्ये प्रत्येक ओळ दोन कॉर्डवर बसते, आणि शब्द संपले तरी पुढची कॉर्ड यायला वेळ असतो, म्हणून शेवटचा स्वर लांब ओढून धरावा लागतो. आहेऽऽऽ. नाहीऽऽऽ. आता ओढायचं म्हटलं की शेवटी उघडा स्वर पाहिजे, आणि आपल्या मराठीचा घोळ असा आहे की आपले निम्मे रोजचे शब्द बोलताना व्यंजनावर बंद होतात. पाऊस, घर, आठवण, दुकान, उशीर. लिहिताना शेवटी अ असतो, तोंडात तो नसतो. पाऊऊऊस असं ओढलं की त्याला स्वतःलाच हसू यायचं, आणि पाऊसाऽऽ असं केलं तर एकदम संगीत नाटकातला नट उभा राहतो, पितांबर वगैरे नेसून. मग काय करणार, शब्दाची जागा बदलायची, पाऊस ओळीच्या मधे ढकलायचा आणि शेवटी ठेवायचं असं काहीतरी ज्याच्या शेवटी ए किंवा ई आहे आणि जे कुठेही खपतं. असे शब्द म्हणजे आहे, नाही, होते. क्रियापद शेवटी येणं हे तर मराठीत आपसूकच आहे, म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रलला टाकल्यासारखं.

म्हणजे त्याची ओळ कुठल्या शब्दावर संपणार हे त्याचं डोकं ठरवतच नव्हतं, उजवा हात ठरवत होता. आणि एकदा का ओळ "आहे" वर बसली की ती बसलीच हो. पाऊस अधुरा आहे. बरं मग? पुढे काय झालं? काही झालेलंच नाही, नुसती परिस्थिती सांगून झाली. दुसरी ओळ पण परिस्थितीच सांगते. मुखड्यात दोन परिस्थिती सांगून झाल्यावर अंतऱ्यात माणूस काय घालणार, तिसरी परिस्थिती? म्हणून ते ५९ तुकडे मुखड्यावर मेले. अंतरा सुचत नव्हता याचं कारण मुखड्यातच सांगण्यासारखं काही सुरू झालेलं नव्हतं.

हे मला त्याच रविवारी एवढं स्वच्छ कळलं असं दाखवायला आवडलं असतं, पण नाही. त्या दिवशी मला फक्त पहिला अर्धा भाग कळला, की हाताला एकच सवय आहे, आणि त्यावर मी नेहमीचं औषध दिलं: ट्यूनिंग बदल, म्हणजे तारा वेगळ्या सुरांना लाव.

या औषधाची शिफारस मोठमोठ्या लोकांकडून आहे. रोलिंग स्टोन्स बँडचा कीथ रिचर्ड्स सहावी तार काढूनच टाकतो आणि उरलेल्या पाच तारांवर ओपन जी लावतो, जी-डी-जी-बी-डी, म्हणजे काही न दाबता तारा छेडल्या तरी जी कॉर्डच वाजते. कॅनडाची गायिका जोनी मिचेल, तिला लहानपणी पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला, नेहमीच्या पकडी जमेनात म्हणून तिने ट्यूनिंगच बदलत नेली आणि त्यातून तिचे ते वेगळेच स्वर निघाले. कल्पना बरोबर आहे, बोटांना रस्ता पाठ असेल तर रस्ताच बदलून टाका, मग बोटं चाचपडतात आणि कान जागे होतात. भिडूला मी ओपन जी लावून दिलं. सोपं आहे, सहावी ई ची डी, पाचवी ए ची जी, पहिली ई ची डी, तिन्ही तारा एकेक सूर खालीच येतात म्हणून तुटायची भीती नाही. पोरगा खूश. आठवडाभराने आला तो ११ नवीन रेकॉर्डिंग घेऊन, काय सुंदर वाजवलं होतं काही काही, आणि शब्द? एकही नाही. शून्य. म्हणजे ६३ चे ७४ झाले आणि गाणी शून्यच. मी नंतर विचार केला तेव्हा कळलं की मी डावा हात बदलला होता, रोग उजव्या हातात होता. ओपन जी मध्ये सुद्धा तो वाजवत होता डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप.

मधे त्याने स्वतः एक उपाय करून बघितला, रोज सकाळी उठून तीन पानं मनात येईल ते लिहायचं. कुठेतरी वाचलं होतं. कल्याणहून सकाळची लोकल पकडणारा माणूस सकाळी तीन पानं लिहिणार म्हणजे पाचला उठणार. चार दिवस उठला. चौथ्या दिवशीच्या पानावर फक्त दूधवाल्याचा हिशोब होता. ज्यांना जमतं त्यांना माझा नमस्कार, इथे ते चाललं नाही.

तिसऱ्या रविवारी मी जरा वैतागूनच म्हटलं, गिटार बॅगेतून काढूच नको. दाराजवळ ठेव. आता मला सांग गेल्या वर्षभरात तुझ्या घरात काय घडलं. गाण्यासाठी नको, असंच सांग.

तो म्हणाला विशेष काही नाही, बाबांचं दुकान बंद केलं. आणि मग पाऊण तास बोलत होता. फोन आम्ही मधे चालू करून ठेवला होता, त्याला माहीत होतं, पण दहा मिनिटांनी तो विसरला असावा.

बाबांचं घड्याळं रिपेअर करायचं दुकान, कल्याणला स्टेशनजवळच्या गल्लीत, दुकान कसलं, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. ३१ वर्षं चालवलं. शेवटची काही वर्षं रिपेअर कमी आणि सेल टाकणं, पट्टा बदलणं हेच जास्त. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हात थोडा कापायला लागला, आणि ज्या कामात डोळ्यात भिंग बसवून केसाएवढा स्क्रू धरायचा तिथे हात कापणं म्हणजे संपलंच. बंद करायचं ठरलं. शेवटच्या दिवशी सगळं आवरून झाल्यावर बाबा शटर ओढायला लागले, आई पण गेली होती मदतीला, आणि आई म्हणाली, "अहो, शटर अर्धंच ठेवा. कोणीतरी येईल."

हे सांगताना तो हसत होता. कारण कोण येणार होतं? कपाटं रिकामी, वजनकाटासुद्धा विकलेला. (घड्याळाच्या दुकानात वजनकाटा कशाला हे मी विचारलं नाही, आता राहून राहून वाटतं विचारायला हवं होतं.) पण ते अर्धं शटर मला दिसलं. तुम्हाला माहितीय ना, अर्धं शटर म्हणजे दुकान बंद आहे पण आत माणूस आहे, ओळखीचा असशील तर वाकून ये. मी म्हटलं, थांब, हे काय बोललास ते परत म्हण. तो म्हणाला काय, शटर अर्धंच ठेवा? मी म्हटलं हा तुझा मुखडा.

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "दादा, गाण्यात शटर कसं येईल? आणि सेल, पट्टा? ते काय गाण्यातले शब्द आहेत का?"

हा पण एक अडसर होता बरं का, आणि छोटा नव्हता. त्याच्या डोक्यात गाण्यातल्या शब्दांची एक वेगळी बरणी होती, त्यात चांदणं, पाऊस, श्वास, क्षण, ओंजळ वगैरे, आणि बोलण्यातल्या शब्दांची वेगळी. दुसऱ्या बरणीत हात घालायची बंदी त्याला कोणी केली होती देव जाणे.

मी त्याला कामाला लावलं ते एवढंच, की पुढच्या रविवारपर्यंत गिटारला हात लावायचा नाही, रेकॉर्डिंगमधलं स्वतःचं बोलणं लोकलमध्ये कानात लावून ऐकायचं, आणि आईचं ते वाक्य जसं ती बोलली तसंच, त्याच झोकात, मनात घोळवत राहायचं जोपर्यंत त्याला आपोआप सूर चिकटत नाही. गाडीच्या खडखडाटावर म्हण हवं तर. लोक वेड्यात काढतील, काढू दे, लोकलमध्ये भजनं म्हणतात त्यांना कोण काय म्हणतं.

चौथ्या रविवारी आला तेव्हा मुखड्याला चाल होती. "शटर" या शब्दावर जोर, "अर्धंच" वर किंचित थांबा, आणि "अहो" हे ठोक्याच्या आधीच येऊन गेलेलं, जसं आई खरंच म्हणेल तसं, हाक आधी आणि मुद्दा नंतर. ओढलेला स्वर कुठेच नाही. मी टेबलावर बोटांनी मोजलं तर सहा-सहा मात्रांचं निघालं, म्हणजे दादरा. ६३ अधिक ११ रेकॉर्डिंगमध्ये एकही सहा मात्रांचं नव्हतं. लय पण उतरली होती, ९५ वरून सत्तरच्या खाली, कारण आई घाईत बोलत नाही.

अंतरा मात्र अजून नव्हताच. शब्दांचा ढीग होता, पाऊण तासाचं बोलणं होतं, पण त्याच्या ओळी कशा पाडायच्या हे कळेना. एक ओळ सात शब्दांची, दुसरी तीन शब्दांची, असं चाललं होतं. इथे मला आठवला अभंग. शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं आणि विसरलेलंही, की मोठ्या अभंगात चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. अक्षरं मोजायची, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. सहा अक्षरं आणि आपला ताल सहा मात्रांचा! एका मात्रेला एक अक्षर, एका चरणाला एक आवर्तन. चौथ्या चरणात चारच अक्षरं म्हणजे दोन मात्रा रिकाम्या, श्वास घ्यायला. (कीर्तनात अभंग बहुतेक करून भजनी ठेक्यात म्हणतात, आठ मात्रांच्या, आणि आम्ही तो दादऱ्यात कोंबला, तर जाणकारांनी एवढं पदरात घ्यावं.)

मग बसलो बोटं मोजत, दोघं मोठे बाप्ये, चटईवर, शाळेतल्यासारखे. जिथे शब्द मिळेना तिथे मी म्हटलं काहीही भर आणि पुढे चल. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचं ते अंड्याचं उदाहरण सगळेच देतात, 'येस्टरडे'ची चाल आधी सुचली आणि शब्द नव्हते म्हणून तो त्यावर स्क्रॅम्बल्ड एग्ज म्हणत फिरायचा. पण त्यासाठी इंग्लंडला कशाला जायचं, आपल्या जात्यावरच्या ओव्या घ्या की. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा करून ठेवल्यात, त्या बायकांचं गाणं ऐका, ओळीत मधे मधे "गं बाई" येत राहतं. त्यात अर्थ फारसा नसतो, पण जातं फिरत राहतं, गळा चालू राहतो, आणि तेवढ्यात पुढची ओळ तयार होते. माझी आजी तर अडली की एकाच ओवीत तीनदा बाई म्हणायची. भिडूने पण तेच केलं, जिथे अक्षरं कमी पडली तिथे गं बाई, गं बाई, आणि दीड तासात हे आलं:

दुसऱ्यांचे काटे
लावले वेळेला
घरी जेवायला
उशीरच

मोजून बघा, सहा, सहा, सहा, चार. पहिल्यांदा चौथ्या चरणात नुसतंच "गं बाई गं" होतं आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच राहिलं, मग तो स्वतःशीच हसला आणि म्हणाला, आई रोज एकच शब्द बोलायची ताट वाढताना. उशीरच.

वेळेला आणि जेवायला, यमक फक्त "ला" चं, त्यावर तो अडून बसला की हे कच्चं आहे, बदलू या. मी म्हटलं आत्ता खोडायचं नाही. पेन काढूनच घेतलं. लिहिणं आणि तपासणं एकाच वेळी केलं की काय होतं हे चौदा महिने बघून झालंय, सगळं झाल्यावर सावकाश खोडत बस. (नंतर त्याने ते बदललं नाही, ते वेगळं.)

दुसरा अंतरा त्याच आठवड्यात, लोकलमध्ये उभ्याने, फोनवर टाईप करून:

पट्टा बदलला
नवा सेल दिला
हिशोब राहिला
वहीतच

उधारी हो. बाबांची उधारीची वही अजून घरी आहे म्हणे, त्यातली निम्मी माणसं आता कल्याणात राहतही नाहीत.

या दोन अंतऱ्यांत "आहे" एकदाही नाही, ते मुद्दाम टाळलेलं नाही, जागाच मिळाली नाही त्याला. सहा अक्षरांत आहे ला दोन अक्षरं द्यायची म्हणजे एक तृतीयांश भाडं गेलं.

पाचव्या रविवारी गिटार बॅगेबाहेर आली. आणि पाचव्या-सहाव्या रविवारी गाणं परत अडलं, आणि ते माझ्यामुळे. मला राहवलं नाही. अंतऱ्यात "उशीरच" आलं की मी म्हटलं इथे जी मायनर टाक, काय हुरहुर येईल बघ. येते, खोटं नाही, डी च्या स्केलमध्ये जी मेजरच्या जागी जी मायनर आला की पोटात काहीतरी हलतंच. पण ती बार कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या, याचं पहिलं बोट अजून नीट दाबलं जात नाही, एक तार खटखट करते, मग त्याचं सगळं लक्ष त्या बोटात आणि गाणं गेलं बाजूला. दोन आठवडे तो बोटच घोटत बसला. वर आणि मनात शंका, की दादांना वाटतंय काहीतरी कमी आहे, म्हणजे असेलच. सातव्या रविवारी मी ती कॉर्ड मागे घेतली, सॉरी पण म्हटलं. शिकवणाऱ्यांना एक सांगतो, आणि मलाही सांगतो, समोरच्याचं गाणं उभं राहत असताना आपली हुशारी खिशात ठेवावी.

शेवटी जे राहिलं ते इतकं साधं की लिहायला लाज वाटावी. दोन कॉर्ड, डी आणि ए, मुखड्याच्या शेवटी एकदाच जी. कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून सूर वर नेणारा चिमटा, दुसऱ्या पट्टीवर, कारण लोकलमध्ये गिटारशिवाय गुणगुणताना त्याच्या गळ्याला जो सूर सोपा पडला तो ई होता, डी ची पकड आणि कापो दोनवर म्हणजे ई. आधीची सगळी गाणी तो जी मध्ये का गायचा विचारलं तर म्हणाला जी वाजवायला बरा पडतो. म्हणजे इतकी वर्षं गळा बोटांच्या घरी भाड्याने राहत होता. उजव्या हाताला पण नवं काम, पहिल्या मात्रेला अंगठ्याने जाड तार, मग दोन हलके, परत जाड तार, परत दोन हलके. जुनं डाऊन-अप सहा मात्रांत बसतच नाही, त्यामुळे हात इच्छा असली तरी जुन्या रस्त्याला लागू शकत नाही.

आणि एक गोष्ट आपोआप झाली ती मला सगळ्यात आवडली. "उशीरच" आणि "वहीतच" लिहायला चार अक्षरं, पण आपण बोलतो तेव्हा शेवटचा च अर्धा तुटतो, ओढता येत नाही. म्हणजे तोच जुना प्रॉब्लेम, व्यंजनावर बंद होणारा शब्द, ज्याला तो चौदा महिने टाळत होता, तो आता बरोबर ओळीच्या शेवटी येऊन बसला. यावेळी त्याने ओढला नाही. शब्द तिथेच तोडला, उजवा तळहात तारांवर टेकवून आवाज बंद केला, आणि ज्या दोन मात्रा रिकाम्या होत्या त्यांत तशाच दाबलेल्या तारांवर नखाने दोनदा मारलं. टक, टक. मी बघतच राहिलो. घड्याळाचं गाणं आणि घड्याळाचा आवाज, आणि मी किंवा त्याने कोणीच तो शोधायला गेलो नव्हतो. अक्षरं कमी पडली म्हणून जागा उरली आणि जागा उरली म्हणून ते आलं.

आठव्या रविवारी पूर्ण रेकॉर्डिंग झालं, माझ्या हॉलमध्येच, पंखा बंद करून, खाली भाजीवाला ओरडतोय ते पण आलंय त्यात. तीन मिनिटांच्या आसपास. न्यू रेकॉर्डिंग ७९, आणि त्याला पहिल्यांदाच नाव दिलं.

त्या जुन्या ७४ तुकड्यांचं काय? त्याला ते सगळे पुसून टाकायचे होते, मी नको म्हटलं. ओपन जी मधला एक तुकडा फार चांगला आहे, त्याच्यावर पुढे काहीतरी बसेल असं मला वाटतं. त्याला अजून वाटत नाही. दुसरं गाणं सुरू केलंय म्हणतो, सध्या तेही मुखड्यावरच थांबलंय, पण यावेळी घाबरलेला नाही, गिटार बॅगेत ठेवून लोकलमध्ये घोळवतोय.

मागच्या महिन्यात त्याने ते गाणं घरी वाजवून दाखवलं. बाबा काही बोलले नाहीत, ऐकून झाल्यावर उठून बाल्कनीत गेले आणि थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले ते टकटक जरा फास्ट आहे, सेकंदाचा काटा एवढा पळत नाही. आईने दोनदा ऐकलं, आणि मग म्हणाली, "मी कुठे अहो म्हणते रे तुझ्या बाबांना? मी म्हणाले, ऐका ना, शटर अर्धंच ठेवा."

अहो म्हणजे दोन अक्षरं. ऐका ना म्हणजे तीन. भिडूने रविवारी येऊन मला हे सांगितलं आणि मग आम्ही परत बोटं मोजायला बसलो. आता गाणं एक मात्रा आधी सुरू होतं.